सुजाता, तुझे बिनकेसांचे उंदीर

सुजाता,

काल जवळच्या कोहका गावाहून बायका भेटायला आल्या होत्या, आणि आईंनी त्यांना तुझं खरं काम सांगितलं.

तुला माहीत आहे, इतकी वर्षं आई काय सांगत आल्या ते. पोरगी मुंबईला मोठ्या दवाखान्यात आहे, एवढंच. कुणी तुला नर्स समजलं, कुणी डॉक्टर. तू सुट्टीवर भिलाईला आलीस की सेक्टर सहातले लोक एक्स-रे घेऊन दारात उभे राहायचे आणि तू प्रत्येकाला शांतपणे सांगायचीस की मी त्यातली डॉक्टर नाही. काल मात्र एका म्हातारीनं विचारलं, पोरगी नेमकं काय काम करत होती, तेव्हा आई खाटेवर नीट सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "माझी पोरगी उंदराच्या पोटात कॅन्सर लावे. तो कसा पसरते ते पाहे." म्हातारीनं विचारलं, अन् उंदीर? आई म्हणाल्या, "मरत." आवाज जरासुद्धा खाली न आणता.

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. वाटलं, हे ऐकायला तू हवी होतीस.

तुमच्या संस्थेनं तुझी माहिती छापली आहे. किती निबंध, कुठल्या परिषदा, कुठली पदवी. ते वाचताना मला ती बाई ओळखीची वाटली नाही. मला आठवते ती दोन वेण्यांची, दुर्गच्या कॉलेजात बीएस्सी करणारी मुलगी. मी लग्न होऊन वर्ध्याकडून या क्वार्टरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, वहिनी, तुला सायकल येते का? नाही म्हटल्यावर तिला धक्काच बसला. भिलाईत सायकल न येणारं माणूस म्हणजे काय, असं तुझं म्हणणं. मग रोज संध्याकाळी तू कॅरिअर धरून मागे धावायचीस आणि मी पदर खोचून हँडल धरायची. मेहंदीच्या कुंपणात मी किती वेळा पडले! आई ओसरीतून बघत बसत. एक दिवस तू न सांगता कॅरिअर सोडून दिलंस. मी वळणापर्यंत एकटीच गेले आणि मागे बघितलं तर तू लांब उभी राहून टाळ्या वाजवत होतीस. पुढे मी शाळेत नोकरीला लागले, ती त्या सायकलमुळेच.

मग बाबांचं दुखणं सुरू झालं.

ते पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. ड्यूटीवरचं वेळी-अवेळी खाणं, म्हणून पोट बिघडतं असं सगळेच म्हणत आणि तेही म्हणत. सोडा घेत, जिरं चावत. भाकरी अर्धी उरायला लागली, मग भातही उरायला लागला. पँटच्या पट्ट्याला तुझ्या दादांनी नवं भोक पाडून दिलं तेव्हा कुठे घरातल्यांचं लक्ष गेलं. शेवटी ऑपरेशनला नेलं. आम्ही जेवणाचे डबे घेऊन दिवसभर बसायच्या तयारीनं गेलो होतो, आणि डॉक्टर फार लवकर बाहेर आले. पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं होतं. कॅन्सर पसरलाय, म्हणाले. तुझे दादा जिन्याच्या पायरीवर खाली बसले. आईंना तर काही समजलंच नाही, त्या मला विचारत राहिल्या की लवकर झालं म्हणजे चांगलंच ना.

तू मात्र डॉक्टरांच्या मागे गेलीस. तुला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी तुझ्या मागे आले. तू रडत नव्हतीस. तू विचारलंस, कसा पसरला? कधी पसरला? कुठून कुठे गेला? मला वाटलं, ते आता चिडतील. पण ते भले गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "बेटी, हमें तो फैलने के बाद ही दिखता है. फैलते हुए किसने देखा है?"

त्या दिवशी आम्ही सगळे घरी आलो ते बाबा आता जाणार, हे घेऊन. तू मात्र डॉक्टरांचा तो प्रश्न घेऊन आलीस. हे मला फार नंतर समजलं.

बाबा त्यानंतर एक हिवाळा होते. अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसायचे, आणि तू अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्यांच्या पायाशी. पोटावर हात ठेवून ते तुला म्हणायचे, "काय खुडबुड चालून राहिली आतमध्ये, सांग बरं, बीएस्सी." तू म्हणायचीस, शिकते अन् सांगते. मग ते हसायचे आणि हसताना दुखायचं म्हणून पोट दाबून धरायचे. ते गेले तेव्हा तुझी परीक्षा जवळ आली होती. तू पेपर दिलेस. लोकांनी नावं ठेवली. आईंनी नाही ठेवली, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्यांनी तुला खूप बोल लावले आणि तेवढंच कुणाच्या लक्षात राहू नये.

नागपूर झालं, मुंबई झाली. तू वर्षातून एकदा उन्हाळ्यात यायचीस. अशाच एका सुट्टीत मी मुनग्याच्या शेंगा सोलत होते आणि तू माझ्यासमोर बसून पहिल्यांदा तुझ्या उंदरांबद्दल सांगितलंस. अंगावर एक केस नसलेले, गुलाबी, सुरकुतलेले. म्हाताऱ्या माणसांच्या मुठीसारखे दिसतात, म्हणालीस. त्यांच्या शरीराला परकं ओळखता येत नाही, म्हणून माणसाची गाठ त्यांच्यात लावली तर ती जगते. त्यांना साधी सर्दीसुद्धा मारू शकते, म्हणून तुम्ही तोंड बांधून, हात धुऊन, उकळलेलं पाणी आणि निर्जंतुक केलेलं खाणं घेऊन त्यांच्याकडे जायचे. मी म्हटलं, एवढी निगा तर आमच्या घरात बाळंतिणीची होत नाही. तू खूप हसलीस.

मग सांगितलंस की खरी अडचण वेगळीच आहे. गाठ उंदराच्या कातडीखाली लावली तर ती तिथल्या तिथे वाढत राहते, लिंबाएवढी होते, पण जागा सोडत नाही. बाबांचा कॅन्सर असा गप्प बसला नव्हता. तो जठरातून निघून यकृतात गेला, पोटाच्या अस्तरावर गेला. मग कातडीखाली न हलणाऱ्या गाठीकडे बघून पसरण्याचं काय कळणार? म्हणून उंदराला भूल देऊन, पोट उघडून, रोग्याच्या गाठीचा कणभर तुकडा थेट जठरावर टाका घालून लावायचा. तिथे लावला की तो माणसासारखा वागतो. यकृताकडे निघतो. "वहिनी, तो निघताना मला बघायचा आहे," म्हणालीस. तुझ्या हातात शेंग तशीच होती.

आई आत चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या बाहेर आल्या आणि भांडण सुरू झालं. सकाळी वंदनेला बसते, पंचशील घेते, त्यातलं पहिलंच शील कोणतं, असं त्यांनी विचारलं. जीव घेणार नाही, म्हणते ना तू? तू म्हणालीस, "आई, बाबाले जे जे औषध देलं ते आधी कोण्या ना कोण्या जनावरावर पाहिलं होतं."

"मंग वाचला का तुझा बाप?" आई म्हणाल्या.

त्या चुलीपाशी परत गेल्या. त्या दिवसापासून आईंनी तुझ्या हातचा चहा घेणं बंद केलं. तू रोज करायचीस, कप खाटेपाशी झाकून ठेवायचीस, तो गार व्हायचा. त्या सुट्टीत तुझा तो गार चहा रोज मीच प्याले, फेकवत नव्हता म्हणून.

आणि पुढच्या वर्षीचा तो उंदीर! आपल्या क्वार्टरातला, केसाळ, काळा, गुळाच्या डब्यामागे राहणारा. मी ओट्यावर चढले होते, आई झाडू घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी त्या झाडूनं कुणाला मारलं असतं ते सांगता येत नाही, कारण डोळे मिटलेले होते. तू आलीस, डबा हळूच सरकवलास आणि फडक्यात त्याला असं अलगद उचललंस की तो ओरडलासुद्धा नाही. त्याच्या मानेवरून बोट फिरवत म्हणालीस, "अगं, ही तर गाभण आहे." आई डोळे उघडून हसायला लागल्या. वर्षभरात त्या तुझ्याकडे बघून पहिल्यांदा हसत होत्या.

मग तिला सोडायला आपण दोघी लुनावर कोहक्याकडच्या शेतात गेलो. मी मागे पिशवी धरून बसले होते, पिशवीत ती हलत होती. धानाच्या बांधावर तिला सोडल्यावर मी तुला विचारलं, तिकडे इतके मारतेस, हिच्यासाठी पेट्रोल कशाला जाळलंस? तू रिकाम्या पिशवीची घडी घातलीस. म्हणालीस, "ते कशासाठी मरतात ते मले माहीत आहे. ही कशासाठी मरंल?" आपली भाषा तू मुंबईला विसरलीस असं लोक म्हणायचे. मनातलं बोलताना कधी विसरली नाहीस.

तू दोन वर्षं जपानला राहून आलीस तेव्हा सगळे तिथल्या गाड्यांबद्दल विचारत होते. तू आईंपाशी बसून एक वेगळीच गोष्ट सांगितलीस. तिथल्या प्रयोगशाळेत वर्षातून एकदा काम बंद ठेवतात. लहान-मोठे सगळे एका दगडापुढे रांगेनं उभे राहतात. त्या वर्षी जितके प्राणी मेले त्यांच्यासाठी फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात, मान लववतात. मोठमोठे प्रोफेसर सुद्धा.

आईंनी खूप प्रश्न विचारले. फुलं कोणती? भन्ते असतात का? ते काय म्हणतात? तू म्हणालीस की भाषा समजली नाही, म्हणून मी मनातल्या मनात आपलीच वंदना म्हटली.

आई म्हणाल्या, "फुलं वाहून जीव परत येत नाही." पण त्या दिवशी तू केलेला चहा त्यांनी घेतला. बशीत ओतून, सगळा.

मला वाटलं होतं की इथे भांडण संपलं. ते संपलं नाही, फक्त जागा बदलली. कारण नंतर तू स्वतःशीच भांडत होतीस.

पुढे एका मे महिन्यात तू न कळवता आलीस. कूलरच्या जाळ्या धुतल्यास, तांदूळ निवडलेस, माझ्या शाळेच्या उत्तरपत्रिका तपासून दिल्यास. मला कळत होतं की काहीतरी झालंय. मग एका दुपारी आपसूक सांगितलंस. एका औषधानं तुझ्या उंदरांतलं पसरणं थांबलं होतं. यकृतं स्वच्छ निघत होती. तू किती आनंदात होतीस तेव्हा! मग तेच औषध दुसरीकडे रोग्यांना देऊन पाहिलं गेलं आणि काही फरक पडला नाही. "वहिनी, माझे उंदीर बरे झाले. माणसं नाही झाली," म्हणालीस. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला जिन्याच्या पायरीवरचे तुझे दादा आठवले.

तू सोडून द्यायचं ठरवून आली होतीस. नेहरू नगरात कोचिंग क्लास निघाले होते, तिथे जीवशास्त्र शिकवीन, म्हणालीस. तुझ्या दादांना तर फार आनंद झाला. रेल मिलची ड्यूटी संपवून आल्या आल्या ते स्कूटर काढून एका क्लासवाल्याशी बोलूनही आले. बहीण घरी राहील, एवढंच त्यांना दिसत होतं. मलाही तेच दिसत होतं.

आई चिंचा फोडत होत्या. आमचं सगळं बोलणं होईपर्यंत त्या फोडतच राहिल्या. मग हातातला वरवंटा खाली ठेवला.

"मंग ते उंदीर कायसाठी मेले?"

तुला वाटलं, जुनंच भांडण निघालं. तू म्हणालीस, आई, आता ते राहू दे.

"नाही, सांग मले. तू इथं पोरं शिकवशील, चांगलं आहे. मले तर तू डोळ्यासमोर पाहिजे. पण एवढे जीव घेतले ना तू? ते काम अर्ध्यावर टाकून येशील तर मंग ते नुसतं मारणं झालं, सुजू. पुरं कर अन् ये."

 मग उठलीस, त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस आणि चिंचा फोडायला लागलीस. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. रडले ते तुझे दादा, न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून.

तू परत गेलीस. पुढच्या खेपेला तुझ्या बोलण्यात पुन्हा ती धार होती. चूक कुठे होती ते सापडलं, म्हणालीस. तू तुकडा लावल्या लावल्या औषध सुरू करत होतीस. पण माणसं अशी कुठे येतात? ती बाबांसारखी येतात, सोडा पिऊन पिऊन, सगळं पसरल्यावर. म्हणून आता तू आधी पसरू देत होतीस आणि मग औषध देत होतीस. उंदीर पहिल्यासारखे बरे होत नव्हते. निकाल दिसायला वाईट होते, आणि तू खूश होतीस. "आता ते मला खोटं सांगत नाहीत, वहिनी." जे औषध माणसात चालणार नाही, ते आता उंदरातही चालत नव्हतं. निदान रोग्यांना फुकटची आशा लागणार नाही, म्हणालीस. एवढ्यासाठी माणूस निम्मं आयुष्य देतं हे मला तेव्हा समजलं नव्हतं. आता थोडं समजतं.

तू मला नेहमी विचारायचीस, वहिनी, तुझं काय मत? आईचं बरोबर की माझं? या घरात मत विचारणारी तू एकटीच होतीस आणि मी दर वेळी म्हणायची, मी काय सांगू. अजूनही मला सांगता येत नाही, सुजाता. पंचशील म्हणताना पहिल्या ओळीवर मी आजकाल क्षणभर थांबते. मनात ते गुलाबी, सुरकुतलेले जीव येतात, आणि त्यांच्यामागे बाबा येतात, पोट दाबून हसणारे. दोघांपैकी कुणालाही बाजूला करता येत नाही. मग पुढची ओळ म्हणते. हेच माझं मत समज.

त्या सगळ्या शिकण्यातून घरासाठी तू एकच गोष्ट मागितलीस. दादाची दुर्बीण करून घे. बाबांना झालं, दादाला रोज पित्त होतं, छातीत जळतं, पोटात एकदा आतून बघून घ्या. पसरल्यावर माझे उंदीरही काही करू शकत नाहीत, म्हणालीस. तुझे दादा काही केल्या ऐकेनात. कधी शिफ्ट बदलली, कधी ठेचा जास्त झाला, कधी नुसता गॅस. खरं कारण आपल्या दोघींना माहीत होतं. त्यांना पायरीवर बसायचं नव्हतं, दुसऱ्यांदा.

शेवटच्या फोनवर तुम्ही दोघं भांडलात. "तुले काय होते ते मी इथं रोज पाहून राहिली, दादा," तू म्हणालीस. ते म्हणाले, "मी काय उंदीर आहो?" आणि रिसीव्हर ठेवून दिला. मग दिवसभर, तिचा फोन आला का, म्हणून विचारत राहिले.

त्यानंतर फोन आला तो तुझ्या संस्थेतून. डोक्यातली शीर फुटली, म्हणाले. काम करता करता. दवाखान्यात नेईपर्यंत तू गेली होतीस. ज्या रोगामागे तू आयुष्यभर होतीस त्याचा आणि याचा काही संबंध नव्हता. लोक येऊन विचारतात, तिलाही तेच झालं का? नाही म्हटलं की जरा निराश झाल्यासारखे दिसतात.

पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. तुझे दादा कामावर जात होते, येत होते, जेवत होते, बोलत मात्र नव्हते. आणि आज सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. मी कप पुढे केला तर म्हणाले, उपाशीपोटी बोलावलं आहे. कुणी बोलावलं आहे ते मी विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर गेले.

दवाखान्यात घशात औषध फवारून त्यांना दुर्बिणीसाठी आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आलेले डॉक्टर तरुण होते, घाईत होते, म्हणाले, जखम आहे, अल्सर आहे, दुसरं काही नाही, गोळ्यांनी भरेल. इतकं सहज म्हणाले की मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

तुझे दादा बाहेर आले तेव्हा घसा बधिर होता, बोलता येत नव्हतं. मी सांगितलं त्यांना. त्यांनी मान हलवली, माझ्या शेजारी बसले, माझा हात धरून ठेवला. बऱ्याच वेळानं घसा मोकळा झाला. त्यांनी खाकरून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले.

"सुजूले फोन लाव. तिले सांग, काही नाही निघालं."

बोलून झाल्यावर काय बोलून गेलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं.

मी म्हटलं, लावते.

सुजाता, दादांच्या पोटात काही नाही निघालं.